हबीबभाईंचा शेवटचा पॅरा

हबीबभाईंना 'आग लागली' एवढं सांगायला पाऊण तास लागायचा. आधी त्या दिवशी ऊन कसं होतं, मग तणसाचा ढीग कोणाचा, त्या माणसाचा बाप कोण, तो कोणाच्या लग्नाला गेला होता, शेजारच्या बाईनं धूर पाहिला तेव्हा ती काय करत होती. "अहो हबीबभाई, जळलं काय ते सांगा आधी!" असं मी ओरडलो की ते सुपारी या गालातून त्या गालात सरकवायचे आणि म्हणायचे, "सांगूनच राहिलो नं बाबू. घाई कायले करता?"

बोलायचे तसंच लिहायचे. आणि ते लिहिलेलं टाईप करणारा हमाल मी होतो. गोंदियाच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर आमच्या पेपरचं जिल्हा कार्यालय होतं. दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, एक फॅक्स आणि एक साहेब. तालुक्यांचे वार्ताहर हातानं लिहिलेल्या बातम्या पाकिटात घालून पॅसेंजरनं पाठवायचे. मी त्या टाईप करून मुख्य कार्यालयाकडे पाठवायचो, तिथलं डेस्क त्यांना मथळे लावायचं आणि पानात बसवायचं. हबीबभाई आमचे आमगावकडच्या लाईनीवरचे वार्ताहर. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या गावाचं नाव एकदा छापून झालं तेवढं पुरे.

आमच्याकडे पेपरचा एजंटच वार्ताहर असतो. म्हणजे हबीबभाई संध्याकाळी बातमी लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बातमी सायकलवरून घरोघरी टाकायचे. नुसतं टाकून पुढं जाणं त्यांना जमायचं नाही. "पान तीन पहा काकाजी, तुमच्या भाच्याचं नाव हाये." शिकले मराठी शाळेत, घरात हिंदी, आणि अक्षर इतकं सुरेख की टाईप करणाऱ्यालाही त्या कागदाचा मोह पडावा. त्यांचा एक हट्ट होता. बातमीत आलेल्या प्रत्येकाचं नाव बापाच्या नावासकट पूर्ण लिहायचं. "गरीब मानसाचं नाव पेपरात जिंदगीत एकदा येते," म्हणायचे, "तेबी अर्धं कायले छापता?"

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. पेपरच्या धंद्यात बातमी खालून कापतात. जागा कमी पडली की शेवटचा पॅरा आधी उडतो. म्हणून महत्त्वाचं ते वर लिहायचं, हे शेंबड्या पोरालाही शिकवतात. हबीबभाईंना मी शंभरदा सांगितलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं. "बाबू, वरातीत नवरदेव समोर चालते का? समोर बँड राहते, पोट्टे नाचते, बायका राहते. नवरदेव मागून घोड्यावर येते. तो पहिलेच आला तं वरात कोन पाहील?"

यावर काय बोलणार, कप्पाळ?

नव्व्याण्णव साली कारगिलची लढाई लागली. गावोगाव पानठेल्यांवर टीव्ही सुरू असायचे आणि माणसं मान वर करून उभी असायची. पेपर पुरेनात. हबीबभाई रोज अंक वाढवून मागायचे. आमच्या साहेबांच्या अंगात तर संचारलं होतं. एक दिवस हबीबभाई ऑफिसात आले असताना ते म्हणाले, "हबीब, तुमच्या समाजाची प्रतिक्रिया आण. चार जणांच्या, फोटोसकट."

"कायची प्रतिक्रिया साहेब?"

"युद्धाची. देशासोबत आहेत म्हणावं, असं काहीतरी."

हबीबभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांना अगदी साधेपणानं विचारलं, "बिसेनबाबूच्या समाजाची कोन आनून राहिला?"

मी बिसेन, पोवार. आमच्या पूर्वजांनी माळव्यातून येऊन इथं धानाची बांधी बांधली, त्यानंतर आजतागायत आम्हाला कोणी विचारलं नाही की बाबा, तू कोणाकडून. साहेब हसले. मीही हसलो. हबीबभाईही हसले आणि मुकाट जाऊन चार प्रतिक्रिया घेऊन आले. चौथी त्यांच्या घरासमोर राहणाऱ्या यूसुफची होती. यूसुफचं स्टेशनाला लागून, रेल्वे फाटकाजवळ सायकलचं दुकान. दोघं एका बाकावर शिकले, एका तळ्यात पोहले. यूसुफ म्हणाला होता, "अपना देश है, इसमें रिएक्शन क्या देने का?" तीन प्रतिक्रिया तिरंगी चौकटीत छापून आल्या. चौथी आली नाही.

पंधरा दिवसांनी दुसरी गोष्ट झाली. शेजारच्या खेड्यातला एक जवान सुट्टी अर्धी टाकून परत निघाला. स्टेशनवर सगळं गाव लोटलं. आईनं डबाभर लाडू दिले आणि बजावलं, वाटून खा. हबीबभाईंनी चार पानं लिहिली. शेवटच्या ओळीत, ऐटीत, नवरदेवासारखं नाव आणलं: अय्यूब इस्माईल शेख. छापून आलं ते असं: 'तालुक्यातील जवान सीमेवर रवाना.' नाव नाही, आई नाही, लाडू नाहीत.

"पहा, सांगत होतो ना!" मी म्हणालो. "नाव खाली ठेवलं, कापलं गेलं."

हबीबभाईंनी मान खाली घातली. चूक त्यांचीच, असं त्यांना वाटलं. मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या एका वार्ताहरानं दुसऱ्या एका जवानाची बातमी पाठवली, तिच्यातही नाव तळाशीच होतं. तेव्हा डेस्कवरून मला खास फोन आला. "अरे, नाव वर घे, फोटो माग." कात्री खालून चालते हे खरं. पण कोणासाठी थांबायचं हे तिला बरोबर ठाऊक असतं. हे मी हबीबभाईंना सांगितलं नाही. सांगून काय करणार होते ते?

आणि मग ते लग्न आलं. यूसुफच्या मुलीचं, नजमाचं. वरात तिरोड्याहून येणार होती. त्या दिवशी दुपारपासून टीव्हीवर आपले जवान मारले गेल्याची बातमी होती, गाव सुन्न होतं. संध्याकाळी यूसुफच्या मोहल्ल्याकडून फटाक्यांची लड ऐकू आली. चौकात कोणीतरी म्हणालं, "पहा, खुशी मनवून राहिले." दहाची पन्नास माणसं झाली. कोणीतरी ठाण्याला फोन केला. ठाणेदार दोन शिपाई घेऊन मोहल्ल्यात शिरले, मागून ही पन्नास माणसं. पाहतात तर काय, बँड, घोडा आणि घोड्यावर घामानं भिजलेला नवरदेव! ठाणेदारांनी कपाळावर हात मारला. यूसुफनं हात जोडले. म्हणाला, तिरोड्याची पोरं आहेत साहेब, रस्त्यात बातमी समजली नाही त्यांना, आता एकही वाजणार नाही. सर्वांना शरबत दिलं. ठाणेदार प्याले, त्या पन्नासातले निम्मे प्याले आणि आपापल्या घरी गेले.

हबीबभाईंना हे सगळं इतकं आवडलं, इतकं आवडलं, की त्यांनी रातोरात बातमी लिहून पहिल्या गाडीनं पाठवली. त्यांना वाटलं, आपल्या गावाची शान आहे ही. अफवा उठली आणि एका शरबताच्या ग्लासात विरली. लिहिलं मात्र त्यांच्या पद्धतीनं. पहिल्या पॅऱ्यात सुन्न गाव, दुसऱ्यात फटाके आणि चौकातला संताप, तिसऱ्यात पोलीस मोहल्ल्यात शिरले. लग्न, घोडा, शरबत, सगळं चौथ्यात.

मी चारही पॅरे टाईप करून पाठवले. ही एक गोष्ट तरी मी नीट केली, एवढंच म्हणेन.

दुसऱ्या दिवशी पेपरात तीन पॅरे होते. वर जाड मथळा: 'सीमेवर जवान शहीद, इथे फटाके!' खाली गावाचं नाव आणि 'वार्ताहर'. त्याच पानावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची बातमी होती, तिच्यात हार घालणाऱ्या सत्तावीस जणांची नावं होती. एकही कापलं नव्हतं.

गठ्ठा फलाटावर उतरला तेव्हा हबीबभाईंनी तो नेहमीप्रमाणे उभ्यानंच सोडला. पुढं कधीतरी त्यांनीच मला सांगितलं, की मथळा वाचून ते त्या गठ्ठ्यावरच बसले. मी विचारलं, "मग वाटायचे कशाला? जाळून टाकायचे होते!"

"कसा जाळू? लोक म्हनले असते, मुसलमान हाये म्हनून दाबला. अन् बाकीचे पेपर तं येऊनच राहिले होते. मंग वाटला. घरोघर वाटला. यूसुफच्या दुकानातबी टाकला."

स्वतःच्या मोहल्ल्यावरचं बालंट स्वतःच्या हातानं दारोदार टाकलं त्या माणसानं. पान तीन पहा, असं त्या दिवशी कोणाला म्हणाले नसतील. यूसुफनं वाचलं आणि एवढंच विचारलं, "तूने लिखा?"

"लिखा. पर ऐसा नहीं लिखा."

"वार्ताहर गाँव में दूसरा कौन है?"

दुपारी तेच ठाणेदार परत आले, शरबत प्यालेले. यूसुफच्या मुलाला, सलीमला, घेऊन गेले. यूसुफ म्हणाला, साहेब, तुमी तं खुद पाहिलं. ठाणेदार खाली पाहत म्हणाले, "पाहिलं रे बाबा. पन पेपरात आलं नं. वरून फोन येऊन राहिले." सलीम दोन दिवस ठाण्यात बसून होता. मारलं नाही, असं म्हणतात. तिरोड्यातही पेपर जातो. नजमाच्या सासरच्यांना शेजारपाजारच्यांनी इतकं टोचलं, की त्यांनी पहिल्या ईदेला तिला माहेरी पाठवलं नाही. त्या गावात नको, म्हणाले.

त्या दिवसापासून यूसुफनं हबीबभाईंशी बोलणं टाकलं.

चार दिवसांनी हबीबभाई गोंदियाला आले. मी त्यांना इतक्या कमी शब्दांत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, खुलासा छापा. ते लगन होतं."

साहेब म्हणाले, "खुलासा छापला म्हणजे आपण चूक केली असा अर्थ होतो हबीब."

"केलीच नं साहेब."

"डेस्कला जागा नव्हती. तूच तळाशी लिहिलंस. आता वातावरण निवळू दे, मग पाहू."

हबीबभाई माझ्याकडे वळले. "बिसेनबाबू, माझा कागद तेवढा द्या. हातचा लिवलेला. मी यूसुफले दाखवतो. बाकी मले काई नाई पायजे."

कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. मथळा पाहिला तेव्हाच मी तो बाजूला काढून ठेवला होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली, आडवी. तो कागद बाहेर गेला की उद्या वकिलाच्या हातात पडेल, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं.

"रद्दीत गेला हबीबभाई," मी म्हणालो.

खण माझ्या गुडघ्याला लागून होता. लाज वाटते मला, आजही वाटते. नोकरी, बायको, पोरं, सगळी कारणं माझ्याजवळ होती. प्रत्येकाजवळ असतात.

"असन बाबू," ते म्हणाले. "तुमच्याइथं कागद लय होते." आणि जिना उतरून गेले.

त्यांनी एजन्सी सोडली नाही. दुसरं करणार काय? सकाळी पेपर टाकायचे. यूसुफच्या दुकानासमोर आले की सायकल हळू करायचे, पेपर हातात धरायचे. यूसुफ चाकातून नजर काढायचा नाही. मग पुढं निघायचे. हे मला गाडीनं येजा करणाऱ्यांनी सांगितलं. एकदा मी स्वतःही पाहिलं आणि फाटकाच्या आडोशाला थांबलो.

बातम्या लिहिणं त्यांनी जवळपास बंद केलं. दर दोन-चार महिन्यांनी पाकीट यायचं आणि त्यात एकच गोष्ट असायची, खुलासा. पहिला दोन पानांचा, त्यात ऊन, घोडा, शरबत, नवरदेवाच्या बापाचं नाव, सगळं. मी टाईप करायचो, पाठवायचो, छापून यायचा नाही. पुढचा एक पान. मग अर्धं. वर्षं गेली तसा तो आखडत गेला. महत्त्वाचं वर लिहायला शिकले बिचारे. शेवटच्या पाकिटात एकच ओळ होती: 'ते लग्न होते.' तीही मी पाठवली. डेस्कवरच्या नव्या मुलानं फोन करून विचारलं, "काका, हे काय आहे? कोणाचं लग्न?"

पुढं वार्ताहर मोबाईलवरून बातम्या पाठवायला लागले आणि ऑपरेटरची गरज संपली. मला निरोप मिळाला. खण रिकामा केला, कागद घरी आणला आणि कपाटात ठेवला. द्यायला गेलो का? नाही गेलो. कोणत्या तोंडानं जाणार होतो?

त्यानंतर एकदा सीमेवर पुन्हा तणाव झाला. घरोघर टीव्हीवर आरडाओरडा. पडद्यावर सहा चौकटी, सहा तोंडं, आणि मधला निवेदक टेबल आपटून विचारत होता, "ये लोग चुप क्यों हैं?" माझा नातू जेवता जेवता म्हणाला, "आबा, ये लोग म्हणजे कोण?" दुसऱ्या दिवशी मी कागद खिशात घातला आणि सकाळची पॅसेंजर पकडली.

हबीबभाई ओट्यावर बसून होते. दाढी पांढरी झाली होती, गुडघे गेले होते. पेपर टाकणं सुटलं होतं. मला पाहून उठायला लागले. मी कागद पुढं केला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून पहिल्या ओळीपासून वाचला. घाई केली नाही. चौथ्या पॅऱ्याशी आले तेव्हा ओठ हलायला लागले.

"बराबर लिवलं होतं नं मी?"

"बरोबर लिहिलं होतं."

"तुमी ठेवून होते?"

"हो."

"मंग काऊन नाई दिला बाबू?"

"भीती वाटली."

"कोनाची?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि म्हणाले, "चला."

यूसुफ दुकानात होता. धंदा सलीम पाहत असला तरी बाप रोज येऊन बसायचाच. हबीबभाई पायरीखाली थांबले. बारा-तेरा वर्षांनी त्यांनी त्याला हाक मारली. "यूसुफ. ये देख. मेरे हाथ का. उसी रात का है."

यूसुफनं हात पुसले, चष्मा लावला आणि पूर्ण वाचलं. वाचून झाल्यावर त्यानं कागद उलटून मागची बाजू पाहिली, कोरी होती.

"ये तो हाथ का लिखा है हबीब," तो म्हणाला. "छपा हुआ किधर है?"

"छापा नहीं उन लोगों ने. ये बाबू हैं ना, पेपर में थे, इनसे पूछ."

"मी साक्षीदार आहे," मी म्हणालो. "हे असंच आलं होतं. चारही पॅरे मीच टाईप केले."

यूसुफनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. "बाबूजी, सलीम को छपा हुआ देख के ले गए थे. उस दिन ये कागज दिखाता तो छोड़ देते क्या?"

मी हबीबभाईंकडे पाहिलं. ते कागदाकडे पाहत होते.

"नहीं छोड़ते," हबीबभाई म्हणाले.

"नजमा के ससुरालवाले मान लेते?"

"नहीं मानते."

"फिर?" यूसुफनं कागद नीट घडी करून परत दिला. "मेरे मानने से क्या होता है अब." आणि तो समोरच्या सायकलकडे वळला.

हबीबभाई मला म्हणाले, "बाबू, आता तरी छापून देता का हे कुठं? एवढंसंच. कोनत्याबी पेपरात."

"मी आता पेपरात नाही हबीबभाई."

"हव. तेबी हाये." त्यांनी मान हलवली. "जा तुमी. पॅसेंजर येऊन राहिली. मंग सांजेलोक गाडी नाई."

फाटक पडलं होतं. मी रूळ ओलांडून धावतपळत गाडीत चढलो आणि खिडकीशी बसलो. दुकान समोरच होतं. हबीबभाई अजून पायरीखाली उभे होते, कागद हातात धरून. यूसुफ त्यांच्याकडे पाठ करून कोणाच्या तरी चाकात हवा भरत होता. मध्ये चार हातांचं अंतर होतं. गाडी हलली तरी दोघांपैकी कोणी सरकलं नाही.